खंदकातून दिसेल तेवढंच

आमच्या ऑफिसात पोह्यांवरची शेव वेगळ्या कागदावर मागणारे ते एकटेच होते. इंदुरात हे धाडसच म्हणायचं. गाडीवाला रोज वैतागायचा. "काकाजी, नीचे पोहे ही हैं, कसम से!"

"तू म्हणतो आहेस," काकाजी म्हणायचे. "शेव टाकली की मला खालचं दिसत नाही."

मग ते चमच्यानं पोहे खालीवर करायचे. बडीशेप, मिरचीचे तुकडे, डाळिंबाचे दाणे सगळं नजरेखालून घालायचे आणि स्वतःच्या हातानं वरून शेव पसरायचे. त्यानंतर मात्र आमच्यापैकी कुणी खात नसेल इतक्या चवीनं खायचे. त्यांच्या संशयात राग कधीच नसायचा. लोक जसं जेवणाआधी हात धुतात, तसं ते संशय घ्यायचे.

सगळे त्यांना काकाजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. सत्तरी ओलांडलेली, उंच, खांद्यात थोडे वाकलेले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात दोन चष्मे. एक वाचायचा, दुसरा त्यांच्या शब्दांत 'तपासायचा'. पलासिया भागातल्या एका इमारतीच्या तळघरात आमची कंपनी होती. मोबाइलवर ऐकायच्या कथामालिका आम्ही तयार करायचो, बहुतेक हिंदी, थोड्या मराठी. त्यातल्या एका मराठी विज्ञानकथेत काकाजी युद्धवार्ताहराचा आवाज होते आणि त्या वार्ताहराची बातमीपत्रं मी लिहायचो.

मी चोर ठरून गावाला परत जाणार होतो, तो गेलो नाही. त्याला काकाजी कारण आहेत असं मी मानतो. हे वाक्य त्यांना वाचून दाखवलं असतं तर त्यांनी ते खोडायला लावलं असतं.

माझं गाव बऱ्हाणपुराच्या पुढे. वडील पॉवरलूमवर कामाला. आमच्या घरात बी. ए. झालेला मी पहिला, आणि मराठी शाळेत शिकून पुढे मराठी लिहिण्याचा पगार मिळतो हे घरात कुणाला खरं वाटत नव्हतं. मलाही पहिला पगार हातात येईपर्यंत वाटलं नव्हतं. मालकानं सांगितलं होतं, "छह महीने देखेंगे. जमा तो पक्का." त्या सहा महिन्यांवर माझं सगळं टांगलेलं होतं. वडील लूमवरच्या चहाच्या सुट्टीत मालिका ऐकायचे आणि शेजारच्यालाही ऐकवायचे.

मालिकेची गोष्ट अशी होती. खूप दूरच्या एका ग्रहावर माणसांच्या दोन वसाहती पाण्यासाठी लढत आहेत. पृथ्वीवरून एक वार्ताहर तिथे गेला आहे. तो खंदकात बसून बातम्या पाठवतो. पृथ्वीवर त्या पोचायला काही वर्षं लागतात, त्यामुळे आपण ऐकतो तेव्हा युद्ध चालू आहे की संपलं, हे कुणालाच ठाऊक नसतं. कल्पना मालकाची. त्याला हाणामारी आणि प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का हवा होता. काकाजींना काय हवं होतं ते मला पहिल्याच रेकॉर्डिंगला कळलं.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे भिंतींना फोम आणि त्यावर गोधड्या. आवाज येतो म्हणून एसी बंद. काकाजी शर्ट काढून बनियनवर माइकसमोर बसायचे. काचेच्या अलीकडे साउंडवाला आणि मी. साउंडवाल्याला सगळे नुसतं भिया, म्हणजे भाऊ, म्हणत. तो इथल्या कापडमिलमधल्या जुन्या मराठी कुटुंबातला, तिशीचा, कामात पक्का आणि तोंडानं फटकळ. ग्रहावरची वादळं तो सुपात तांदूळ घोळवून काढायचा. सूप घरून आणलेलं होतं आणि त्याला कुणी हात लावलेला त्याला चालत नसे.

माझ्या पहिल्या बातमीपत्राच्या दुसऱ्या ओळीवर काकाजींनी हात वर केला.

"'हजारो सैनिक ठार झाले.' कोणी पाहिले?"

"वार्ताहरानं, काकाजी."

"वार्ताहर आत्ता कुठे आहे?"

"खंदकात."

"उभा आहे की बसलेला?"

"बसलेला. वरून गोळीबार चालू आहे ना."

"मग त्याला समोरची माती दिसेल. हजार माणसं कशी दिसतील?"

"त्याला सेनापतीनं सांगितलं."

"कुणाच्या सेनापतीनं?"

"तो ज्यांच्याबरोबर आहे त्यांच्या."

"मग तसं लिही ना भई. सेनापती म्हणतात, हजारो मेले. मी माती पाहतो आहे."

भिया हेडफोन काढून म्हणाला, "काकाजी, दुसरा ग्रह आहे यार. कोण पाहायला जाऊन राहिलं तिथे?"

"म्हणूनच तर," काकाजी म्हणाले. "इथलं खोटं लोक जाऊन पाहू शकतात. तिथलं कोण पाहणार?"

मी तिथंच बसून वाक्य बदललं. मालकाला ते आवडलं नाही. पण ऐकणाऱ्यांनी 'मी माती पाहतो आहे' हे वाक्य उचललं, मेसेजमध्ये लिहून पाठवलं, आणि मालकाचं मत एका आठवड्यात बदललं. नंतर मी एका भागात लिहिलं होतं, 'खंदकाच्या कडेवर एक बूट येऊन पडला आहे. डाव्या पायाचा. त्यात पाय आहे का, हे पाहायला मी उठलेलो नाही.' त्या रात्री वडिलांचा फोन आला.

"त्या बुटात पाय होता का रे?"

"माहीत नाही, बाबा."

"तूच लिहितो ना ते?"

"हो. पण तो उठला नाही ना."

वडील म्हणाले, "बरं केलं नाही उठला."

काकाजी पूर्वी काय करत होते, याच्या ऑफिसात चार-पाच गोष्टी होत्या. ते जुने पत्रकार, एका खोट्या बातमीनं त्यांची नोकरी गेली. ते पोलिसात होते. त्यांच्या भावानं त्यांना फसवलं. मी एकदा धीर करून विचारलं, "काकाजी, तुम्ही असे का झालात? काय घडलं होतं?"

"काहीतरी घडलेलं असावंच लागतं, असं तुला कोणी सांगितलं?" ते म्हणाले. "लहानपणापासून असाच आहे मी. आईनं दूध आहे म्हटलं तरी मी पातेल्यात डोकावायचो. मार खायचो."

त्यांचं घराणं होळकरांच्या फौजेतलं. त्यांचे चुलतभाऊ पणजोबांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगताना हत्तीवरून खाली उतरत नसत. काकाजी म्हणायचे, "फौजेत होते एवढं खरं. हत्तीवर होते की हत्ती धूत होते, ते पाहायला आपण कुठे होतो?" घरात भिंतीवर तलवार होती. तिच्याबद्दलही त्यांचं म्हणणं, तलवार बाजारातही मिळते. या वाक्यामुळे म्हणे एका लग्नाचं आमंत्रण त्यांना आलं नव्हतं.

महिन्यातून एकदा ते बसनं महूला जायचे. तिथे त्यांच्या ओळखीचे फौजेतले एक निवृत्त हवालदार होते. त्यांच्यासमोर बसून ते खंदकाची चौकशी करायचे. पाय कुठे ठेवता? लघवीला कुठे जाता? कान बंद झाले की काय ऐकू येतं? एकदा येऊन मला म्हणाले, "लिहून घे. खंदकात भीतीपेक्षा खाज जास्त असते. हे हवालदार म्हणतो. म्हणजे लिहिताना 'एक सैनिक म्हणाला' असं लिही. मला काही खाजलेलं नाही."

छावणीच्या गावात म्हातारा माणूस खोदून खोदून असं विचारत फिरतो म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. तिथल्या एका कॉलनीच्या मोबाइल ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला, संशयास्पद व्यक्ती, दोन चष्मे, सावध राहा. पुढच्या खेपेला चौकीदारानं त्यांना फाटकातच अडवलं. मला वाटलं, काकाजी चिडले असतील. पण ते खूष होते.

"बरोबर केलं त्यानं. मी त्याला विचारलं, तू मला काय करताना पाहिलंस? म्हणाला, काहीच नाही, ग्रुपवर आलं. मी म्हटलं, मग तुझं अडवणं बरोबर, पण तुझं घाबरणं चूक."

त्यांच्याबरोबर बाहेर जायची मला भीती वाटायची, कारण कुठेही ते माझी परीक्षा घ्यायचे. इंदुरातल्या लालबागच्या मैदानावर मेळा लागला होता तेव्हा संध्याकाळी मला घेऊन गेले. म्हणाले, "तुझ्या वार्ताहराला गर्दी लिहिता येत नाही. चल." आम्ही एका भजीच्या दुकानामागे उभे होतो आणि समोरून लोक पळत आले. कुणीतरी ओरडलं, झूला गिर गया. आकाशपाळणा पडला! मीही पळायला लागलो. काकाजींनी माझी कॉलर धरली.

"कुठे?"

"काकाजी, पाळणा पडला!"

"तू पाहिलास?"

त्यांनी पळणाऱ्या एका माणसाला हातानं थांबवलं. "तुम्ही पाहिलं, भाईसाहब?" तो म्हणाला, नाही, त्या बांगड्यांच्या दुकानात सांगितलं, चार लोक गए. बांगड्यावाला म्हणाला, पताशेवाल्यानं, म्हणजे पाणीपुरीवाल्यानं, सांगितलं, दोन लोक. पताशेवाला म्हणाला, मी कुठे म्हटलं मेले, मी म्हटलं बाई ओरडली, वरून काहीतरी पडलं. लोक आमच्या उलट दिशेनं पळत होते आणि आम्ही दोघं त्यांच्यातून वाट काढत एकेक माणूस मागे जात होतो. पाळण्यापाशी पोचलो तर पाळणा जागच्या जागी होता. खाली एक बाई एका पायात चप्पल घालून उभी होती आणि दुसरी शोधत होती. चप्पल पाळण्यातून खाली पडली होती, आणि ती पडली म्हणून बाई ओरडली होती.

काकाजींनी वाकून एका खांबामागून चप्पल काढून दिली. ती बाई म्हणाली, "थँक यू अंकल, बहुत डर गई थी." काकाजी मला म्हणाले, "हे आम्ही पाहिलं. घाबरली होती, हे ती म्हणते."

मला तेव्हा हसू आलं होतं. पण चौथ्या महिन्यात मी स्वतःच त्या पाळण्याखाली सापडलो.

मालिकेत एक मोठं वळण ठरलं होतं. वार्ताहर रात्री आपला खंदक सोडतो आणि शत्रूच्या खंदकात जाऊन तिथून बातमी पाठवतो. हे दार बंद करून ठरलं तेव्हा खोलीत चौघेच होतो. मालक, काकाजी, भिया आणि मी. आमचा भाग येण्याच्या आधीच्या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीच्या हिंदी मालिकेत अगदी तेच आलं. तिथेही वार्ताहर, तिथेही खंदक, तिथेही पलीकडे जाणं. त्या कंपनीचं ऑफिस आमच्या समोरच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.

दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. मालक सगळ्यांच्या स्क्रीनकडे बघत जायचा. भियानं आपली हार्ड डिस्क खिशात घालून घरी न्यायला सुरुवात केली. मला वाटायचं भियानं केलं असेल. मग वाटायचं मालकानंच कुठेतरी फुशारकीत सांगितलं असेल. आणि खरं सांगतो, मला काकाजींचाही संशय आला. जो माणूस कुणावरच विश्वास ठेवत नाही, त्याच्यावर आपण का ठेवावा? महूला जातात म्हणतात, पण जातात कुठे, हे मी तरी कुठे पाहिलं होतं?

तिसऱ्या दिवशी मालकानं आम्हा तिघांना बोलावलं.

"देख भाई," तो मला म्हणाला, "मुझे बुरा लग रहा है. पर सबको पता है."

काकाजींनी चष्मा बदलला.

"सबको म्हणजे कुणाला?"

"इसने देखा है," मालकानं भियाकडे बोट केलं.

भिया माझ्याकडे न बघता म्हणाला, "समोरच्या बिल्डिंगीत जाऊन राहिला ना हा. रोज दुपारी. दहादा पाहिला असेल मी. चोरासारखा इकडे तिकडे पाहतो अन् जिना चढतो."

"त्यांच्या ऑफिसात शिरताना पाहिलास?"

"जिना चढताना पाहिला ना, काकाजी. वर अजून कोण बसलं आहे?"

"मी विचारतो ते सांग. दारातून आत जाताना पाहिलास?"

"नाही."

"मग जिना चढतो, एवढं तू पाहिलंस." काकाजी माझ्याकडे वळले. "कशाला चढतोस?"

मला सांगायचं नव्हतं. ऑफिसचे सगळे मेल इंग्रजीत असायचे. मालकानं इंग्रजीत काही विचारलं की मी आधी उत्तर मनात मराठीत तयार करायचो आणि तोवर तो पुढे गेलेला असायचा. म्हणून जेवायच्या सुट्टीत मी समोरच्या दुसऱ्या मजल्यावर इंग्रजी बोलायच्या क्लासला जायचो. लेखक म्हणून नोकरीला लागलेल्या माणसानं हे कसं सांगायचं? म्हणून मी इकडे तिकडे बघूनच जिना चढायचो. पण त्या दिवशी सांगितलं.

मालक हसला. "स्पोकन इंग्लिश? कुछ भी!"

"हसायचं काय?" काकाजी म्हणाले. मला वाटलं, आता हे माझी बाजू घेणार. पण ते पुढे म्हणाले, "हा म्हणतो. हेही कोणी पाहिलेलं नाही. चला, पाहू."

भर दुपारी पलासियाची वाहतूक तोडत आम्ही चौघं रस्ता ओलांडून गेलो. पुढे काकाजी हात वर करून, मागे मालक, मग भिया, शेवटी मी. वधस्तंभाकडे नेतात तसं मला वाटत होतं. दुसऱ्या मजल्यावर वर्ग चालू होता. दुकानदारांची मुलं, दोन-तीन गृहिणी, एक रिटायर्ड बाबू. टाय लावलेल्या सरांनी मला दारात पाहिलं आणि ते आनंदानं म्हणाले, "लेट टुडे! कम, कम. यू ब्रॉट गेस्ट्स? व्हेरी गुड. इंट्रोड्यूस युवरसेल्फ!"

वर्गाचा तसा रिवाज होता. पाहुणे आले की कुणीतरी उठून स्वतःबद्दल पाच वाक्यं बोलायची. मी भिंतीशी उभा राहिलो. माझ्या मालकासमोर, भियासमोर, मी इंग्रजीत सांगितलं की माझं नाव अमुक, मी एका लहान गावचा, माझे वडील पॉवरलूमवर काम करतात, आमच्या घरात मी पहिला पदवीधर आहे. पाचवं वाक्य विसरलो. वर्गानं टाळ्या वाजवल्या, कारण तोही रिवाज होता. मालक आपल्या बुटांकडे बघत होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ठीक है काकाजी. हो गया ना साबित?"

"काय साबित झालं?" काकाजी म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावर येतो, एवढं दिसलं. तिसऱ्यावर कधी गेला नाही, हे दिसलेलं नाही."

मला जिन्यावरच बसावंसं वाटलं.

मालकही भडकला. "तो अब क्या करूँ? रखूँ, निकालूँ?"

"कोणी काही पाहिलेलं नाही. तोवर हा लिहीत राहील. जेव्हा पाहाल तेव्हा काढा."

मालक आणि भिया पुढे उतरले. मी काकाजींच्या पायांना हात लावायला वाकलो. "काकाजी, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात—"

ते एक पायरी मागे सरकले.

"कोणी सांगितलं? तू केलं असशील, नसशील. मला माहीत नाही. चार महिन्यांत माणूस कळतो होय?" आणि कठड्याला धरून, प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपून, ते खाली गेले.

नोकरी राहिली. सहा महिने झाले, मी पक्का झालो. मालकानं पेढे आणले आणि सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला. "अब ये अपने घर का आदमी है. पूरा भरोसा है." काकाजींनी पेढा मोडून आतला रंग पाहिला, तोंडात टाकला आणि विचारलं, "कशावरून?" मालक म्हणाला, "काकाजी, मिठाई तो चैन से खाने दो." सगळे हसले. मीही हसलो, पण तो पेढा मला गोड लागला नाही. घरी फोन करून सांगितलं तेव्हा वडील लूमच्या आवाजात ओरडून म्हणाले, "मला माहीतच होतं!" ते मात्र फार गोड लागलं.

दिवाळीच्या आसपास काकाजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते काही आठवडे आले नाहीत. त्याच दिवसांत समोरच्या कंपनीची नवी मालिका आली. मालकानं ती सगळ्यांना मोठ्यानं ऐकवली. वाळवंटातलं एक दृश्य होतं आणि मागे वादळ होतं. सुरुवातीला बारीक सरसर, मग जोर, मग एकदम थांबून पुन्हा सरसर.

"ये तो अपना तूफान है," मालक म्हणाला.

खोलीतले सगळे भियाकडे बघायला लागले. भिया उठून उभा राहिला. "सुपात तांदूळ कोणीही घोळवेल यार. माझी काय मक्तेदारी आहे?"

मालकानं माझ्याकडे पाहिलं. "तू बोल. तुझपे उंगली उठाई थी इसने. तब भी यही था ना? अपना चोर छुपाने के लिए तेरा नाम लिया. बोल."

मी हो म्हटलं असतं तर तो त्याच संध्याकाळी गेला असता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. माझ्या मनात तर हेच होतं की यानंच केलं. वादळ त्याचंच होतं, माझा कान सांगत होता. भियानं मला चोरासारखा म्हटलेलं मी विसरलो नव्हतो. त्याच्या घरी लहान मुलगी होती, तेही मला माहीत होतं.

"मी याला कुठे जाताना पाहिलेलं नाही," मी म्हणालो. "आवाज सारखा आहे, एवढं ऐकलं."

मालकानं टेबलावर हात आपटला. पण त्याला पुढे जाता येईना. माझ्याच बाबतीत जे मान्य केलं होतं, ते त्याला भियाच्या बाबतीत मोडता आलं नाही.

सगळे गेल्यावर पार्किंगमध्ये भियानं मला गाठलं. मला वाटलं, हात हातात घेईल.

"यार, तू असं का नाही बोलला की यानं नाही केलं?" तो म्हणाला. "एवढंच बोलायचं होतं ना? एवढे महिने बाजूला बसून राहिला माझ्या. पाहिलं नाही म्हणे! मग काय, केलं असं वाटतं तुला?"

त्यानं गाडीला किक मारली. पुढच्या महिन्यात त्यानं स्वतःच नोकरी सोडली.

त्या पार्किंगमधल्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी मी हे काकाजींना सांगायला गेलो होतो. ते अंधाऱ्या खोलीत हिरवी पट्टी लावून बसले होते. "डोळा छान झाला, असं डॉक्टर म्हणतो," ते म्हणाले. मी सगळं सांगितलं. मालक काय म्हणाला, मी काय म्हणालो. मला वाटलं, ते म्हणतील शाबास. ते म्हणाले, "मी तिथे नव्हतो." मग विचारलं, "तो काय म्हणाला नंतर?"

मी पार्किंगमधलं सांगितलं.

"त्याला वाईट वाटलं असेल," ते म्हणाले.

न पाहिलेल्या गोष्टीबद्दल काकाजी असं काही म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी म्हटलं, "मलाही वाटलं होतं. त्या जिन्यावर."

"ते मला दिसलं होतं," काकाजी म्हणाले आणि डोळ्यात थेंब घालायला डोकं मागे टाकून बसले. मी थेंब घातले. बाटलीवरचं नाव त्यांनी मला आधी दोनदा वाचायला लावलं.

परवा पलासियाच्या चौकात सिग्नलला उभा होतो, तर पलीकडच्या रांगेत भिया होता, गाडीवरून ओळखला. मागे मुलगी बसलेली, पाठीला दप्तर. त्यानं माझ्याकडे तोंड वळवलं. मी हात वर केला. सिग्नल सुटताना त्यानं मान हलवली असं मला वाटलं, पण हेल्मेट घातलेलं होतं आणि त्याची काच काळी होती.